डाग नसलेली पोथी

“आई, यात डाग नाहीत,” इंदू म्हणाली, आणि गोपिकेच्या हातातला झारा कढईच्या काठावर थांबला. एवढेच झाले. वामनराव नुकतेच सीताबर्डीवरून सायकलने आले होते. घामाने पाठीला चिकटलेला सदरा न काढताच त्यांनी वर्तमानपत्रात बांधलेली नवी पोथी सोडली होती, डोक्याला लावली होती आणि घरातल्या आठही पोरांच्या नाकासमोरून फिरवून पाटावर ठेवली होती. जुनीला वाळवी लागली, ती कन्हानला नदीत सोडायची, असे ठरून पंधरा दिवस झाले होते. नवीच्या पुठ्ठ्यावर देवाचे रंगीत चित्र होते, पाने दुधासारखी होती आणि शाईचा वास देवघरातून स्वयंपाकघरापर्यंत येत होता. पोरे पांगल्यावर दहा वर्षांच्या इंदूने ती हळूच उघडली. चारसहा ठिकाणी चाळली. मग पानाला नाक लावले. आणि उंबऱ्याशी येऊन, बाबांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, ते चार शब्द बोलली. गोपिकेने झारा पुन्हा तेलात सोडला. वड्याची एक बाजू करपली होती. तिला पोरीकडे बघायचे नव्हते, कारण बघितले असते तर पोरीला कळले असते की आईला कळले. आणि पोरीला ते आधीच कळलेले होते, म्हणून तर ती इथे आली होती. डाग हवेत कशाला, हे या घरात फक्त एकाच बाईला ठाऊक होते, आणि ती पंधरा वर्षे तोंड मिटून होती.

बाहेर वामनराव धाकट्या भावाला, रुपरावांना सांगत होते, “टाइप पाहिला का गा? आंधळ्याले वाचता येईल.” रुपराव हिंगण्याच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आले होते, कंपनीच्या बसमध्ये अर्धे झोपलेले आणि घरी येऊन उरलेले अर्धे झोपत असलेले. ते “हो” म्हणाले. या घरात वामनरावांना सगळे हो म्हणत. गोपिकासुद्धा म्हणत असे, पण तिचे हो आतून कडू कारल्यासारखे झालेले होते. आंधळ्याला वाचता येईल, म्हणे. आंधळ्याच्या पुढ्यात बसून पंधरा वर्षे जप करणारा माणूस हा.

घरची शाळा सकाळी सहाला भरे. वामनरावांचे पाच आणि रुपरावांचे तीन, असे आठ जीव, सर्वात मोठा पुतण्या केशव तेराचा आणि सर्वात लहान अजून नाक ओढणारा, ओसरीवर दोन सतरंज्यांवर बसत. सहा वर्षांपूर्वी केशव शाळेत पाढे गाऊन म्हणायचा म्हणून मास्तरने त्याला हसून खाली बसवले, तेवढ्यावर वामनराव हेडमास्तरांकडे गेले, स्वतः एकोणतीसचा पाढा चालीवर म्हणून दाखवला, आणि हेडमास्तरही हसले. त्या दिवशी घरातली सगळी पोरे शाळेतून निघाली. “तिथं पोरं शिकत नाहीत, बसतात,” हे वामनरावांचे वाक्य तेव्हापासूनचे. त्यांना तरुणपणी कीर्तनकार व्हायचे होते. गळ्याने दगा दिला. वरच्या सुरात त्यांचा आवाज फाटे, आणि मोहल्ल्यातल्या मंदिरात दुसऱ्याच कीर्तनाला ऐकणारे चौघे उरले होते, त्यातला एक दिवाबत्तीवाला. मग कलेक्टर कचेरीच्या रेकॉर्ड खोलीत नोकरी धरली आणि घरात हे आठ जण मिळाले, उठून न जाणारे. आधी पूर्वरंग, म्हणजे पाढे, मापे, जिल्हे आणि नद्या, सगळे चालीत. मग उत्तररंग, म्हणजे एखादे आख्यान. हातात झांज, कपाळाला बुक्का, डोळे मिटलेले. ‘विदर्भाच्या नद्या’ हे त्यांनी अशा सुरात बसवले होते की वर्धा आणि वैनगंगा एकमेकींना भेटताना शेजारची म्हातारी डोळे पुसायची. शिकवताना त्यांची भाषा पुस्तकी होई, “बालकांनो, चित्त द्या,” आणि कुणी चुकले की लगेच घरची, “काहून बे, झोपून राहिला का?” पोरे एका सुरात म्हणत. एका सुरात कोण म्हणतो आणि कोण नुसते ओठ हलवतो, हे डोळे मिटलेल्या माणसाला कसे कळावे.

गोपिकेला कीर्तनाचा तिटकारा नव्हता, उलट तिचे सगळे आयुष्यच त्यावर उभे होते. कुहीला धानाच्या बांध्यांच्या कडेला जे लहान देऊळ होते, तिथे तिचा मामा धोंडबा हरिदासांच्या मागे टाळ धरून उभा राही, आणि ती त्याच्या धोतराला धरून. हरिदास आले की गावाचा रंग बदलायचा. दिवसभर चिखलात वाकलेली माणसे ताठ बसायची. हरिदास एक ओवी उचलीत, तिला वळवीत, सोडून देत, आणि दोन घटकांनी तीच ओवी अशी परत आणीत की ती आपल्याच घरातून हरवलेली वस्तू वाटावी. त्या सुरात तिला पहिल्यांदा कळले की देव दगडात असेल-नसेल, पण माणसाच्या आवाजात असतो. ती सहा वर्षांची असताना शाळा तीन कोस दूर होती, पोथी मात्र कानाशी होती. दहाव्या वर्षापर्यंत तिला अठराही अध्याय पाठ झाले, सुरासकट, कुठे थांबायचे त्या श्वासासकट. तिच्या बापाने याचा सरळ हिशेब लावला आणि नागपूरच्या सोयऱ्यांना सांगितले, पोरगी चौथी शिकली आहे, पोथी वाचते. लग्नानंतर आठव्या दिवशी सासूबाईंनी तिला देवघरात बसवले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. म्हणाल्या, “वाच वं सूनबाई, पाचवा. तुपाचा डाग पाय, तिथून.” तिने तुपाचा डाग पाहिला, पान उघडले आणि पाचवा म्हटला. बाजूला नवरा डोळे मिटून बसला होता. संपल्यावर त्याने “वा” म्हटले. तो पहिला दिवस. तेराव्या अध्यायाला हळदीच्या बोटाचा ठसा होता, नवव्याला निरांजनाची ठिणगी पडून जळलेले भोक, आणि शेवटच्या अठराव्याला कुंकवाचा अंगठा, शेवटून सात पानांवर, कारण त्यामागची पाने केव्हाच गळून गेली होती. किती ओव्यांनी पान उलटायचे ते सासूबाईंच्या बोटांच्या हालचालीवरून तिने आठ दिवसांत उचलले. सासूबाई वारल्या. डाग उरले. आणि आज कढईतला दुसरा वडा करपताना तिला पहिल्यांदाच वाटून गेले, की अध्यायाचा आकडा सोडून त्या बाई डागावरूनच का सांगत होत्या. त्यांनी तरी तो कुठे वाचला होता कधी. म्हणजे ती दुसरी. आणि इंदू तिसरी.

इंदूचे तिला दोन वर्षांपासून दिसत होते, पण जे दिसते ते न बघण्याची सवय तिने नवऱ्याकडूनच घेतली होती. ओसरीवर वाचनाच्या पुस्तकावर पोरीचे बोट तिसऱ्या ओळीवर असे आणि तोंड पाचवीवर. पाटीवरचे अक्षर मोत्यासारखे होते, वामनराव ते पाहुण्यांना दाखवीत, पण ते केशवच्या पाटीवरून रांगोळी उतरवावी तसे उतरलेले असे. केशव दोन वर्षे खऱ्या शाळेत गेलेला, त्याला येई. एकदा चण्याच्या पुडीच्या कागदावर काय आहे असे गोपिकेने सहज विचारले, तर इंदू म्हणाली, “शाई पुसटली आहे, आई.” गोपिकेने कागद हातात घेतला. शाई ठणठणीत काळी होती. आणि ते वाक्य तिचे स्वतःचे होते. बसच्या पाटीखाली, दवाखान्याच्या चिठ्ठीपुढे, माहेरच्या पत्रापुढे ती पंधरा वर्षे हेच म्हणत आली होती, शाई पुसटली, उजेड कमी आहे, डोक्यात कळ येते, तुम्हीच वाचा. पोरीने तिचे नाक घेतले होते, तिचा आवाज घेतला होता आणि हेही घेतले होते. आज कढईपुढे तिला पोरीचा नाही, वामनरावांचा राग आला. पदव्या नसलेले हे गुरुजी. बायको शेजारी बसून वाचत नाही, मुलगी समोर बसून वाचत नाही, आणि हे शाळांना नावे ठेवतात. आणि मग त्याच श्वासात तिला स्वतःचीही किळस आली, कारण रागावता येत होते ते फक्त मनात, तोंडाने ती म्हणत होती, “हात धुऊन घ्या, वडे झाले.”

वडे खाता खाता वामनरावांनी दुसरे सांगितले. “रविवारी शोभाताई येऊन राहिली.”

शोभाताई म्हणजे त्यांची चुलत बहीण, वयाने चार वर्षांनी मोठी. रामटेकच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका, एकटी, चष्म्याची, आणि वामनराव जिला मनातून भितात अशी जगातली एकमेव व्यक्ती.

“कायले?” धाकटी जाऊ सुभद्रा ताटात चटणी वाढत म्हणाली. “गेल्या वर्षी येऊन आपल्या ओसरीले गोठा म्हणाली होती.”

“इंदूले नेतो म्हणते. जूनपासून पाचवीत घालतो, माझ्या घरी राहील म्हणते. मी लिहिलं, ये. पोरीचं वाचन ऐक. ऐकल्यावर तुझ्या पाचवीतली एक तरी पोरगी असं वाचते का सांग. नसल वाचत तर पुन्हा या घरात शाळेचं नाव काढायचं नाही.” त्यांनी वडा मोडला. “कबूल म्हणते. शेवटचा अध्याय वाच वं इंदू. नव्या पोथीतून.”

इंदू ताटाकडे बघत होती. रुपराव झोपेत असल्यासारखे म्हणाले, “अन् ताई जिंकली त?”

“जिंकत नाही,” वामनराव म्हणाले.

दोन दिवस गोपिकेच्या डोक्यात ते वाक्य ओल्या लाकडासारखे धुमसत राहिले. जिंकत नाही. पोरगी हरली तर रामटेकला जाईल, जिंकली तर इथेच राहील, आणि जिंकणे म्हणजे काय हे त्या तिघा-चौघांत कुणालाच माहीत नव्हते. शोभाताईंच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे असे ऐकले होते. तिथे गेली तर आठ दिवसांत बाई पकडेल, कान धरील, आणि मग शिकवील. इथे राहिली तर पाच-सहा वर्षांनी एखाद्या कचेरीतल्या माणसाच्या घरात कुणीतरी म्हणेल, वाच वं सूनबाई. हे सगळे तिला स्पष्ट दिसत होते, आणि तरीही शनिवारी दुपारी, घर वाळ्याच्या पडद्याआड निपचित पडले असताना, तिने काय केले तर देवघरात जाऊन दोन्ही पोथ्या शेजारी शेजारी उघडल्या. चार माणसांत पोरीची फजिती होईल या भीतीने तिचे हात आपोआप चालले. ती फजिती तिच्या स्वतःच्या पोटात पंधरा वर्षे वाढत होती, तिला तिची चव ठाऊक होती. जुन्या पोथीत पुढून पाने मोजली, नव्या पोथीत तितकीच मोजली, आणि तुपात बुडवलेले बोट टेकवले. हळद. काजळीचा ठिपका, जळक्या भोकाऐवजी. शेवटी कुंकू, शेवटून सात पाने नुसत्या कोपऱ्यांवर मोजून, पान पुरते न उघडताच. इंदू दारात उभी राहून बघत होती. माय-लेकींनी चोरी करावी तशी ती दुपार गेली. बोट पुसताना गोपिकेने पोथीला नमस्कार केला आणि तिला स्वतःच्या नमस्काराची लाज वाटली. कीर्तनात हरिदास म्हणायचे, देवापुढे फूल नसले तरी चालते, सोंग चालत नाही. आणि हे सोंग तर तिने तुपाने माखून देवाच्याच अंगाला पुसले होते.

संध्याकाळी वामनरावांनी पोथी उघडली. “आल्याआल्या खराब केली का वं? बायकांच्या हाती काही टिकत नाही,” म्हणाले, आणि मिटली. तेच डाग, त्याच रंगाचे. त्या माणसाला एवढेही पुढे जाता आले नाही की हे असे का. तिने वाट पाहिली होती, अगदी क्षणभर. विचारले असते तर कदाचित तिने सांगितलेही असते.

रविवारी शोभाताई दहाच्या बसने आल्या. खांद्याला कापडी पिशवी, पायात बंद वहाणा. तर्री-पोहे खाताना त्यांनी आठही पोरांना जवळ बोलावले आणि एकेकाला म्हणाल्या, “काय येतं?” पोरांनी नद्या गायल्या. शोभाताईंचा चेहरा मऊ झाला, हे गोपिकेने पाहिले आणि तिची आशा मावळली. तिला वाटले होते ही बाई दगड असेल. पण कीर्तनाच्या घराण्यातलीच ती, सूर लागला की विरघळणारी.

“चाल गोड आहे रे वामन. पण मी परीक्षा घ्यायले आलो, गाणं ऐकायले नाही.”

“घे न. इंदू, बैस.”

इंदू पाटावर बसली. पोथी समोरच्या लाकडी ठवणीवर. शेजारी गोपिका, नेहमी बसते तशी, पान धरायला. समोर शोभाताई, वामनराव, रुपराव, सुभद्रा, पोरे. इंदूने कुंकवाचे पान शोधले, तिथल्या ठशावर आपला अंगठा ठेवला आणि सुरू केले. आवाज असा की खिडकीतला कावळासुद्धा गप्प झाला. गोपिका पानाकडे बघत होती. तिला अक्षर येत नव्हते, चित्र येत होते. त्या पानावर उदबत्तीच्या पुड्याचे चित्र होते. शेजारी समई. खाली तीन छोट्या चौकटी आणि त्यांत कसले तरी डबे. तिने आधीचे पान हळूच उचलून पाहिले, तिथे आरत्या असतात तशा तुटक ओळी. तिला समजले. जुनीची मागची पाने गळाली होती, नवीची शाबूत होती, आणि तिने शेवटून मोजले होते. तिची पोर उदबत्तीच्या जाहिरातीवरून फलश्रुती वाचत होती.

जे न दिसे नयनांसी । ते ऐको ये श्रवणांसी ।
म्हणोनि शरण कीर्तनासी । भाविक येती ॥

गोपिकेने समोर पाहिले. वामनरावांचे डोळे मिटलेले, मान डोलत होती. रुपराव खरोखर झोपले होते. आणि शोभाताई, पंचवीस वर्षे वर्गात बोटे आणि ओळी तपासलेली ती बाई, चष्मा हातात घेऊन पदराने डोळे टिपत होती. एकही जण वाकून बघत नव्हता. पाव हातावर उदबत्तीचा पुडा होता आणि सगळे घर देवाला भेटून आले होते. गोपिकेच्या तोंडाशी हसू आले, इतके घाण की तिने ओठ चावले. ही माणसे. ही शिकलेली माणसे. हिच्या गळ्यात देव आहे, हे त्यांना कळते, आणि हिच्या डोळ्यांत काहीच नाही, हे कळत नाही. पान संपले, इंदूने उलटले. पुढच्या पानावर तंबाखूचा डबा होता.

“पुरे,” शोभाताई भरल्या आवाजाने म्हणाल्या. इंदू थांबली. “हरलो रे वामन. माझ्या सातवीत अशी वाचणारी नाही. हिले कायले नेऊ मी? इथंच राहू दे.”

“सांगितलं होतं,” वामनराव डोळे न उघडताच म्हणाले. “आता इंदूची माय वाचल थोडं, मग जेवायची पानं लागतील. वाच वं.”

इंदूने आईकडे पाहिले. त्या नजरेत सुटका नव्हती. वाळवी लागलेल्या वस्तूला जसे बाहेरून काही होत नाही, तसा तिचा चेहरा होता, शांत आणि आतून पोकळ, आणि तो गोपिकेला आरशात दिसणाऱ्या चेहऱ्यासारखा ओळखीचा होता. जिंकलो, आई, असे तो म्हणत होता. आता हेच, जन्मभर.

गोपिकेने पोथी ठवणीवरून उचलली. पोथी कधी हातात धरून वाचत नाहीत, ती आपल्या जागी असते आणि आपण वाकायचे असते. तिने ती उचलून वर्तमानपत्रासारखी समोर धरली, पुठ्ठा लोकांकडे. मग मनात म्हणाली, देवा, थोडा वेळ उलटा हो, माझ्या पोरीसाठी. तुला मी खूप वर्षं सरळ धरून खोटं बोलली. आणि पोथी फिरवली. पुठ्ठ्यावरच्या देवाचा मुकुट खाली आला, पावले वर गेली. तिने तिसऱ्या ओवीपासून उचलले, कुहीच्या देवळात मामाच्या धोतराला धरून शिकली होती त्या चालीत, एका अक्षराची चूक न करता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिने म्हणताना पानाकडे पाहण्याचे नाटक केले नाही. ती लोकांकडे पाहत होती.

पहिल्यांदा सुभद्रेने पाहिले. “अवं बाई,” ती पुटपुटली, “पोथी उलटी…” मग पोरांत खसखस पिकली आणि केशवने एकाच्या तोंडावर हात ठेवला. शोभाताईंनी चष्मा घातला. देवाकडे पाहिले, गोपिकेच्या ओठांकडे पाहिले, मग बराच वेळ इंदूकडे. गोपिका थांबली नाही. पान उलटायची वेळ आली तेव्हा तिने उलटलेही नाही. ओव्या पुढे जात राहिल्या. शोभाताईंच्या कपाळावरची शीर उभी राहिली. त्यांनी हात लांब केला, पाटावर बसलेल्या इंदूची मूठ घेतली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “तुयाजवळ पिशवी आहे का? दोन फ्रॉक टाक त्यात. दुपारच्या बसने जाऊ.”

इंदू उठली. गोपिकेचा सूर एकदाच हलला, पण तो तिने सांभाळला. वामनरावांची मान अजून तालावर हलत होती, डोळे मिटलेले, बोटे मांडीवर झांज धरल्यासारखी. अध्याय संपला तेव्हा ते म्हणाले, “वा.”